अनोळखी पत्राचा अधिकार

आपल्या नावे आलेले पत्र आपल्यापर्यंत पोहोचू न देण्याचा अधिकार कोणाला असावा, हा प्रश्न कागदी टपालाच्या काळात सहसा कोणाला पडत नसे. पत्ता बरोबर असला की पोस्टमन पत्र घरी आणून टाकी. ते जपून ठेवावे की फाडावे, हे आपण ठरवीत असू. ई-मेलने ही व्यवस्था पालटली. आज बहुतेक ई-मेल सेवांमध्ये नकोसे टपाल अडवणारी गाळणी आधीपासूनच बसवलेली असते. खाते उघडतो त्याच क्षणी आपण नकळत एक कारकून नेमतो. प्रत्येक पत्र तो आपल्याआधी पाहतो, आणि जे त्याला संशयास्पद वाटते ते ‘स्पॅम’ नावाच्या कोपऱ्यात टाकून देतो.

असा कारकून लागतोच, याविषयी आमच्या मनात शंका नाही. ३ मे १९७८ रोजी अमेरिकेतील ‘अर्पानेट’ या संगणकजाळ्यावर डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या गॅरी थुर्क या अधिकाऱ्याने नव्या संगणकांच्या प्रात्यक्षिकाचे निमंत्रण सुमारे ४०० जणांना एकदम धाडले. न मागता आलेली ती पहिली घाऊक ई-मेल मानली जाते. तेव्हा लोक रागावले, पण त्यात कोणाचे नुकसान झाले नव्हते. पुढे लॉटऱ्या आल्या, औषधे आली, परदेशी वारसाहक्काचे कोट्यवधी डॉलर आले. आता तर निवृत्तिवेतन बंद पडेल अशी भीती घालून बँकेचा तपशील मागणारी पत्रे येतात, आणि ती नेमकी आमच्या वयाच्या माणसांना गाठतात. अशा वेळी दारावर पहारा नको असे म्हणणे म्हणजे शहाणपणाचे सोंग होय.

परंतु हा पहारेकरी निवाडा कसा करतो, हे पाहण्यासारखे आहे. २००२ साली पॉल ग्रॅहम या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने एक रीत मांडली आणि ती पुष्कळ गाजली. तिचे मूळ टॉमस बेझ या इंग्रज धर्मोपदेशकाच्या, मृत्यूनंतर १७६३ साली प्रसिद्ध झालेल्या संभाव्यतेच्या निबंधात आहे. चांगली पत्रे आणि वाईट पत्रे यांचे दोन ढीग घ्यावयाचे, कोणता शब्द कोणत्या ढिगात किती वेळा येतो ते मोजावयाचे, आणि नव्या पत्रातील शब्दांवरून ते कोणत्या ढिगातले असावे याचा अंदाज बांधावयाचा. यातली एक बारीक गोष्ट आम्हांला फार मोलाची वाटते. चांगल्या ढिगातील शब्दांची गणती ग्रॅहम यांनी मुद्दाम दुप्पट धरली. चार भामटी पत्रे आत आली तरी चालतील, पण एक खरे पत्र बाहेर राहू नये, हा त्यामागचा हेतू. शंभर अपराधी सुटले तरी एका निरपराध्यास शिक्षा होऊ नये, असे आपण न्यायालयांविषयी म्हणतो, ते येथे गणितात शिरले आहे. म्हणजे ही गाळणी निव्वळ यंत्र नव्हे. कोणती चूक अधिक वाईट, याविषयी कोणीतरी केलेला नैतिक निर्णय तिच्या पोटात आहे. आजच्या गाळण्या याहून कितीतरी गुंतागुंतीच्या आहेत, आणि त्यांच्या पोटात काय आहे हे आपणांस कोणी सांगत नाही.

आयुष्य सरकारी कचेरीत गेल्यामुळे आम्हांला येथे आवक-जावक शाखा आठवते. तेथेही सगळ्या अर्जांना सारखा मान नसे. निनावी तक्रारींवर कारवाई करू नये, असा निर्देश केंद्रीय सतर्कता आयोगानेही १९९९ साली दिला होता. पण नियमाप्रमाणे आलेल्या कागदाला आवक क्रमांक पडे, आणि तो दप्तरी दाखल करणाऱ्याची सही त्यावर असे. अर्ज फेटाळला तर फेटाळल्याचे कळवावे लागे. गाळणी असे काही कळवत नाही. पाठवणाऱ्याला वाटते पत्र पोहोचले. घेणाऱ्याला पत्र आल्याचा पत्ताच नसतो.

मग तिने पाठवणाऱ्याला का कळवू नये? आम्ही याचा पुष्कळ विचार केला, आणि उत्तर मिळाले ते अडचणीचे आहे. कळवले तर भामट्याला आपले कोठे चुकले ते समजते आणि तो पुढचे पत्र सुधारून धाडतो. शिवाय अशा पत्रांवरचा प्रेषकाचा पत्ता बहुधा चोरलेला असतो; म्हणजे नकाराची सूचना ज्याचा काही संबंध नाही अशा तिसऱ्याच्याच माथी जाते. तेव्हा हे मौन निष्काळजीपणातून आलेले नाही, ते या व्यवस्थेला आवश्यकच आहे. त्याची किंमत मात्र प्रामाणिक अनोळखी माणूस मोजतो.

आपल्यासारख्या घराण्यांना हा माणूस परका नाही. इंदूर, ग्वाल्हेर, धार, देवास, वडोदरा अशा ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या विखुरलेल्या कुटुंबांचे कुलवृत्तांत कसे तयार होतात? कोणी एक निवृत्त गृहस्थ पदरमोड करून, आडनावावरून पत्ते जमवून, कधी न पाहिलेल्या पन्नास-साठ घरांना एकच मजकूर धाडतो. सोबत तक्ता जोडतो, जन्मतारखा विचारतो आणि शेवटी छपाईसाठी वर्गणीची विनंती करतो. अनोळखी पत्ता, अनेकांना एकच मजकूर, जोडपत्र, खाजगी माहितीची मागणी, वर पैशांची गोष्ट! संशयाचे एकही लक्षण बिचाऱ्याने सोडलेले नसते. गाळणीने त्याला अडवले तर तिला दोष कसा द्यावा? पण इकडून उत्तर गेले नाही की त्याच्या वंशवृक्षात त्या शाखेपुढची जागा कोरी राहते, आणि आपण उत्तर दिले नाही असेच तो समजतो.

ज्याला गरज असेल तो दूरध्वनी करील, असे म्हणणारे आहेत. ज्याच्यापाशी आपला क्रमांक आहे तो करीलही. पण तो मुळात अनोळखी नसतो.

म्हणून आम्हांला वाटते की कारकून नेमला तरी सही आपलीच राहते. अडवलेले पत्र पाहू शकणारा दोन पक्षांपैकी एकच आहे, आणि तो आपण. जीमेलसारख्या सेवेत स्पॅममधील पत्र ३० दिवसांनी आपोआप नष्ट होते. तेवढ्या मुदतीत आठवड्यातून एकदा तेथे नजर टाकणे हे फार मोठे काम नव्हे. तेथील दुवे उघडू नयेत, जोडपत्रांना हात लावू नये. पाठवणाऱ्याचे नाव आणि विषय एवढे वाचले तरी बहुधा पुरते. दुसरी गोष्ट त्या ‘स्पॅम’ म्हणून कळवण्याच्या बटणाची. एखाद्या मंडळाची पत्रे आपणच कधीतरी मागवलेली असतात. पुढे कंटाळा येतो, आणि नाव कमी करा असे कळवण्याऐवजी आपण ते बटण दाबतो. ही नुसती आवराआवर नव्हे, ती साक्ष आहे. अशा तक्रारी पाठवणाऱ्याच्या खाती जमा होतात आणि त्याची पत्रे इतरांकडेही अडू लागतात. मोठ्या प्रमाणावर पत्रे धाडणाऱ्यांनी तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्याच्या आत ठेवावे, अशी अट गूगलने २०२४ पासून घातली आहे. म्हणजे हजारात तिघांनी बटण दाबले की ती मर्यादा गाठली जाते. आपल्या मंडळांना हा आकडा लागू होण्याइतकी पत्रे ती धाडत नाहीत, परंतु तक्रार त्यांच्याही नावावर लागते. वासंतिक व्याख्यानमालेची निमंत्रणे सभासदांना मिळत नाहीत, अशी कुरकूर वार्षिक सभेत झाली की चिटणिसांना धारेवर धरण्यापूर्वी, त्या सभेतल्या कितीजणांनी ते बटण दाबले होते, हेही विचारून पाहावे.