फुटलें तें कोणाचें ?

गेल्या हिवाळ्यांत आम्ही घरचीं नऊ माणसें दोन दिवसांच्या विश्रांतीसाठीं खालापूर तालुक्यांतील एका भाड्याच्या बंगल्यांत उतरलों होतों. बंगला नीटनेटका, मागें डोंगर, पुढें कापणी झालेलीं भाताचीं खाचरें. बंगल्याची राखण करणारें एक जोडपें आवारांतच राहत होतें, व त्यांतील बाई सांगितल्यास स्वयंपाकहि करून देत असे. दुसऱ्या दिवशीं दुपारीं ती भाताचें वाफाळलेलें पातेलें घेऊन आली. आमच्या वहिनींनीं पुढें होऊन त्याला हात लावला, दोघींनीं मिळून तें जेवणाच्या मेजावर टेकविलें, आणि मेजावरची जाड कांच मोठा आवाज होऊन या टोंकापासून त्या टोंकापर्यंत तडकली. थंड कांचेला एकाच जागीं उष्णता लागली कीं तेवढाच भाग फुगतो व त्या ओढाताणींत कांच फुटते, हें शाळेंत शिकलेलें शास्त्र त्या वेळीं कोणालाच आठवलें नव्हतें. भात वांचला, जेवण मात्र कोणालाहि गोड लागलें नाहीं.

संध्याकाळीं मालकांचा दूरध्वनि आला. त्यांचा पहिलाच प्रश्न होता, "पातेलें कोणीं ठेवलें ?" दाराशीं उभ्या असलेल्या त्या बाईचा चेहरा उतरला. आम्ही क्षणभर गप्प राहिलों. तें मौन क्षणाचेंच होतें; तथापि त्याचें स्मरण आम्हांस अजून सुखाचें वाटत नाहीं. नंतर "आमच्याकडून झालें" असें आम्हीं सांगितलें. मालकांनीं दहा हजार रुपयांची अनामत ठेवून घेतली. कांच बंगल्याइतकीच जुनी, म्हणजे सहा वर्षांची आहे, व तिच्या कोपऱ्याला आधींच चरा होता, असें आम्हीं लिहून कळविलें. त्यांनीं नव्या कांचेचें दरपत्रक पाठविलें. पंधरा दिवसांच्या लेखी भांडणानंतर निम्मी रक्कम परत आली.

प्रसंग क्षुल्लक आहे, आणि रक्कमहि कोणाचें घर बुडावें एवढी नाहीं. परंतु त्या पंधरा दिवसांत दोन सुशिक्षित माणसें एकमेकांस जीं अक्षरें लिहून गेलीं तीं पाहतां प्रश्न क्षुल्लक वाटत नाहीं. ज्या नुकसानींत कोणाचाच दुष्ट हेतु नव्हता तें कोणीं सोसावें ? पुराचें पाणी बंगल्यांत शिरलें तर पाहुण्याकडे कोणी बोट दाखवीत नाहीं, आणि कोणीं रागानें कांच फोडली तर त्यानें ती भरून द्यावी याविषयीं कोणाचें दुमत नाहीं. भांडण होतें तें या दोहोंच्या मधल्या प्रदेशांत, जेथें दैवाला माणसाचा हात लागलेला असतो.

कर्जत व खालापूर या तालुक्यांत असे प्रसंग आतां नित्याचे झाले आहेत. कर्जत तालुक्यांतील माथेरान हें १८५० पासून मुंबईकरांचें हवा खाण्याचें ठिकाण; १९०७ सालीं नेरळहून तेथें लहान आगगाडी गेली. डोंगरावरची ही हौस अलीकडे पायथ्याशीं उतरली आहे. मुंबई-पुणें द्रुतगति मार्ग २००२ सालीं पूर्ण झाला व खालापूर शहरांतून दोन तासांच्या टप्प्यांत आलें. भिवपुरीच्या वीजघरांतून सुटणाऱ्या पाण्यानें पेज नदी उन्हाळ्यांतहि वाहती राहते, खोपोलीच्या वीजघराचें पाणी पाताळगंगेस मिळतें, आणि या वाहत्या पाण्याच्या ओढीनें कांठाकांठानें बंगले व शेतघरें उभीं राहिलीं आहेत. त्यांचे मालक बहुधा मुंबई, ठाणें वा पुणें येथील. दोन रात्रींसाठीं उतरणारे पाहुणेहि तेथलेच. कर्जत-खालापूरचा काय तो राखणदार, माळी, किंवा झाडलोट करणारी बाई. मालक व पाहुणा यांची पुष्कळदां दृष्टभेटहि होत नाहीं. दोघांना पाहिलेला असा तो राखणदार एकटाच.

पूर्वीं नातेवाइकांच्या घरीं पाहुण्याच्या हातून एखादी बरणी फुटली तर यजमानीणच "जाऊं द्या, तिला आधींच चीर होती" म्हणून त्याची लाज राखी, आणि पाहुणा पुढच्या खेपेस आठवणीनें कांहीं तरी घेऊन येई. हिशेब दोघांनाहि कळत होता. तो तोंडानें बोलून दाखविण्याची रीत नव्हती. भाड्याच्या बंगल्यांत हें नातें नाहीं, आणि तें असावें असा आग्रहहि धरतां येत नाहीं. पाहुण्यानें पैसे मोजलेले असतात व मालकानें ते घेतलेले असतात. म्हणून प्रश्नाचा विचार प्रथम व्यवहाराच्या बाजूनेंच केला पाहिजे.

व्यवहाराचा निर्णय फार जुना आहे. राजा, दैव किंवा चोर यांच्यामुळें ठेव नाहींशी झाली तर ती भरून देण्याचें कारण नाहीं, असें याज्ञवल्क्यस्मृति सांगते, व मागून आणलेल्या वस्तूसहि तोच नियम लावते. मनुस्मृतींत गुराख्याचें उदाहरण आहे. आरडाओरड करूनहि चोरांनीं जनावर नेलें तर गुराखी देणें लागत नाहीं. मात्र त्यानें योग्य स्थळीं व योग्य वेळीं धन्यास कळविलें पाहिजे, आणि जनावर मेलें असेल तर त्याचे कान, कातडें, शेपूट आणून दाखविलें पाहिजे. तडकलेल्या कांचेचें छायाचित्र मोबाइलवरून मालकास पाठविण्याची आजची रीत या नियमाचीच वंशज म्हणावी. यहुद्यांच्या निर्गम ग्रंथांतील भेद याहूनहि मार्मिक आहे. उसनें आणलेलें जनावर धनी जवळ नसतां मेलें तर भरून द्यावें. तें भाड्यानें आणलेलें असेल तर त्याची जोखीम भाड्यांतच आली, असें तेथें ठरविलें आहे.

आपल्या कायद्याचा रोखहि असाच आहे. दुसऱ्याची वस्तु ताब्यांत असणाऱ्यानें साधारण सुज्ञ मनुष्य स्वतःच्या वस्तूची घेतो तितकी काळजी घ्यावी; ती घेऊनहि नुकसान झालें तर, तसा वेगळा करार नसेल तेथें, तो जबाबदार नाहीं, हें १८७२ च्या करार कायद्याचें तत्त्व आहे. भाडेकरूनें घर परत देतांना वाजवी वापरानें झालेली झीज त्याच्या माथीं मारूं नये, असें १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानें सांगितलें. करारांत दंडाचा आंकडा लिहिलेला असला तरी न्यायालय वाजवी तेवढीच भरपाई देववितें. उघड उघड अवास्तव अनामत मागणारा, किंवा नुकसानीशीं अगदीं विसंगत असा दंड लादणारा करार २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणें अनुचित ठरूं शकतो.

मालकांची बाजूहि ऐकली पाहिजे. ते म्हणतात, "तुमच्या हातून आयुष्यांत एकदां कांच फुटते, आमच्या घरांत दर महिन्याला कांहीं ना कांहीं फुटतें, आणि प्रत्येकजण अपघातच झाला असें सांगतो." शनिवारीं येणाऱ्या सर्वच मंडळ्या कुटुंबवत्सल नसतात. रात्रभर धिंगाणा घालून सकाळीं मोडक्या खुर्च्या मागें टाकून जाणारेहि असतात, व अनामत नसेल तर त्यांच्यापुढें मालकाच्या हातीं कांहींच उरत नाहीं. अशांकडून पै न् पै वसूल करावी. तेथें आमचें दुमत नाहीं. परंतु दर महिन्याला होणारी फूट ही पाहुण्याच्या दृष्टीनें अपघात असली तरी मालकाच्या दृष्टीनें अपघात राहत नाहीं. एकाच्या आयुष्यांत जें अकल्पित तें शंभरांच्या हिशेबांत ठराविक होतें. विम्याचा सारा धंदा याच गोष्टीवर उभा आहे. जें ठराविक आहे त्याची तरतूद भाड्यांत करतां येते व शहाणा मालक ती करतोच. ती केल्यावर पुन्हां एकेका पाहुण्याची अनामत जप्त करणें म्हणजे एकाच वस्तूची किंमत दोनदां घेणें होय. तसेंच सहा वर्षें वापरलेल्या कांचेच्या जागीं पाहुण्याच्या पैशानें कोरी कांच बसवून घेणें याला भरपाई म्हणतां येणार नाहीं. तो नफा झाला.

एवढ्यावरून पाहुणा मोकळा झाला असें मात्र आम्हांस म्हणावयाचें नाहीं. ॲरिस्टॉटलनें नीतिशास्त्राच्या पांचव्या भागांत नुकसानीचे प्रकार पाडले आहेत. अपेक्षेबाहेर घडलें तें दुर्दैव. अपेक्षा करतां आली असती पण दुष्टपणा नव्हता ती चूक. जाणूनबुजून केला तो अन्याय. वाफाळलेलें पातेलें कांचेवर ठेवणें हें दुर्दैव कीं चूक ? ज्याच्या घरीं लाकडी मेज आहे त्याच्या दृष्टीनें तें दुर्दैव. ज्याच्या घरीं कांचेचें मेज आहे त्याच्या दृष्टीनें ती चूक. म्हणूनच कांच बसविणाऱ्या मालकानें मेजावर दोन चटया ठेवून द्यावयास पाहिजे होत्या, व पाहुण्यानेंहि परक्या घरांत आपल्या घरापेक्षां सावध असावयास पाहिजे होतें. दोहों बाजूंस थोडें थोडें उणें आहे. पुष्कळशा अपघातांचें स्वरूप असेंच असतें.

इंग्रज तत्त्वज्ञ बर्नार्ड विल्यम्स यांनीं १९७६ सालीं एक उदाहरण चर्चेस घेतलें होतें. कसलीहि कसूर नसतां एका मालमोटारचालकाच्या गाडीखालीं मूल सांपडतें. इतर सर्व लोक त्याला "तुझा दोष नाहीं" असें सांगतील, आणि तें खरेंच आहे. तथापि बाजूला उभ्या असलेल्या बघ्याला जेवढें वाईट वाटलें तेवढेंच वाटून जर तो चालक घरीं गेला, तर आपल्याला त्याच्यांत कांहीं तरी उणें दिसेल. कांच आणि मूल यांची तुलना अर्थातच होत नाहीं. तत्त्व मात्र लहान गोष्टीलाहि लागू आहे. जें आपल्या हातून घडलें तें दोष नसतांहि आपलें असतें. म्हणून "मी भरून देतों" असें म्हणणें हें पाहुण्याचें कर्तव्य आहे. त्याचप्रमाणें "राहूं द्या" म्हणणें, निदान वाजवी तेवढेंच घेणें, हें मालकाचें कर्तव्य आहे. पाहुणा जेव्हां मालकाला क्षमेचा उपदेश करतो, आणि मालक पाहुण्याला प्रामाणिकपणाचा, तेव्हां दोन्ही कर्तव्यें राहतात बाजूला व भांडण सुरू होतें. त्या पंधरा दिवसांत आम्हीं नेमकें हेंच केलें.

अनामतीनें या बाबतींत मोठा घात केला आहे. पैसा आधींच दुसऱ्याच्या हातीं गेलेला असल्यामुळें पाहुण्याला भरपाई देऊं करण्याची संधिच राहत नाहीं. त्याला दिसतें तें दिलेलें परत मिळविणें. मग सांगण्यांत तोटा व लपविण्यांत लाभ वाटूं लागतो. फुटका पेला केराच्या टोपलीच्या तळाशीं जातो, भिंतीवरच्या डागापुढें खुर्ची सरकविली जाते, आणि हें सर्व मुलांच्या देखत होतें. कपबशी फोडून आलेल्या मुलाला "खरें सांगितलेंस तर रागावणार नाहीं" असें म्हणणारे आईबाप तेच ! मालकाच्या मनावरहि या रकमेचा परिणाम होतोच. पैसा हातीं असला कीं जुने चरेहि नवे दिसूं लागतात. अनामत अजीबात नसावी असें आमचें म्हणणें नाहीं. ती माफक असावी. घर ताब्यांत घेतांना व सोडतांना दोघांनीं किंवा दोघांच्या वतीनें कोणीं तरी एकदां फिरून पाहावें. आणि जें कांहीं फुटेल तें पाहुण्यानें त्याच दिवशीं, न विचारतां, सांगावें. गुराख्याला घातलेली ती जुनी अट अजून पुरेशी आहे.

या सगळ्या विवेचनांत एक व्यक्ति राहून गेली, जशी ती आमच्या पंधरा दिवसांच्या पत्रव्यवहारांतूनहि राहून गेली होती. पातेलें दोघींनीं ठेवलें होतें. त्यांतील एकीच्या वतीनें आम्ही भांडत होतों. दुसरीच्या वतीनें कोणीच नव्हतें. मालक व आम्ही दोघेहि कायदा जाणत होतों, लिहूं शकत होतों, व पांच हजार रुपये गेले असते तरी आमची पुढची सहल चुकली नसती. तिची स्थिति तशी नव्हती. "आमच्याकडून झालें" असें सांगून आपण तिला वांचविलें, अशी आम्हीं स्वतःची समजूत घातली होती. पुढें आम्हीं निम्मी रक्कम परत मिळविली आणि न्याय झाला असें मानलें. ती निम्मी तूट मालकांनीं स्वतः सोसली, कीं महिनाअखेरीस त्या बाईच्या पगारांत वळती केली, हें मात्र आम्हीं विचारलें नाहीं. ते तसे गृहस्थ नसतीलहि. परंतु विचारण्यास एक दूरध्वनि पुरला असता, आणि आमच्या हक्कासाठीं आम्हीं त्यांस जेवढीं पत्रें लिहिलीं त्यांतील एकांत हा प्रश्न एका ओळींत मावला असता. तो अजूनहि विचारतां येईल. उत्तर मनासारखें आलें नाहीं, तर परत आलेल्या पांच हजारांवर आमचा हक्क किती, हेंहि मग ठरवावें लागेल.