किमान वेतन कोणाला महाग पडते?

किमान वेतनाचे दर सुधारायची वेळ आली, की कारखानदारांकडून एक इशारा हमखास येतो: मजुरी वाढवली तर धंदे बसतील आणि आज ज्यांच्या हाताला काम आहे तेच उद्या घरी बसतील. हा इशारा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. वस्तू महागली की मागणी घटते, आणि मालकही हिशेब करूनच माणसे ठेवतो. पण या हिशेबात दोन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. एक, आजची मजुरी खुल्या घासाघिशीतून ठरली आहे; दुसरी, कायदा सगळ्यांना सारखाच लागू होतो. आपल्याकडे ही दोन्ही गृहीते लंगडी आहेत. किमान वेतनाने रोजगार बुडतो की नाही, हे दराच्या आकड्याइतकेच तो दर कोण देतो आणि कोण चुकवतो यावर ठरते, असे माझे म्हणणे आहे.

पहिल्या गृहीताची परीक्षा अमेरिकेत झाली. एप्रिल 1992 मध्ये न्यू जर्सी राज्यातले किमान वेतन ताशी 4.25 डॉलरवरून 5.05 डॉलरवर गेले. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात ते होते तेवढेच राहिले. डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर यांनी दोन्हीकडची मिळून 410 फास्ट फूड उपाहारगृहे पाहिली, तेव्हा न्यू जर्सीत नोकऱ्या घटल्याचे आढळले नाही. न्यूमार्क आणि वॉशर यांनी पगारपत्रकांच्या आधारे या निष्कर्षाला आव्हान दिले आणि वाद बराच काळ चालला. पण वाढ कितीही बेताची असली तरी नोकऱ्या जातातच, हे जुने विधान त्यानंतर तितक्या ठामपणे कोणाला करता आले नाही. जिथे मजुराला दुसरा मालक सहजी मिळत नाही, तिथे मजुरी कामाच्या मोलापेक्षा खाली दाबता येते. कायद्याने ती थोडी वर उचलली, तर आधी आटतो तो मालकाचा जादा नफा. आपल्याकडे बीडहून ऊसतोडणीला निघणारे जोडपे हंगामाआधीच मुकादमाकडून उचल घेते. नवरा-बायको मिळून एक कोयता, मजुरी टनावर, आणि उचल फिटेपर्यंत दुसरा मुकादम नाही की दुसरा कारखाना नाही. अशा व्यवहाराला खुली घासाघीस म्हणणे धाडसाचे आहे.

तरीही आक्षेपाच्या बाजूची सर्वांत भक्कम साक्ष महाराष्ट्राचीच आहे, आणि ती टाळून चालणार नाही. मागेल त्याला काम देणाऱ्या रोजगार हमी योजनेची मजुरी 1988 मध्ये किमान वेतनाच्या वाढीबरोबर दुप्पट झाली. मजुरी चांगली मिळू लागल्यावर कामावर गर्दी व्हायला हवी होती, झाले उलटेच. हजेरी अपेक्षेपेक्षा बरीच खाली आली. मार्टिन रॅव्हॅलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधुरी यांनी 1993 च्या अभ्यासात याचे कारण मांडले: सरकारने काम देतानाच हात आखडता घेतला होता. दर एका फटक्यात दुप्पट झाला आणि योजनेला त्या प्रमाणात पैसा मिळाला नाही, तर हमी कागदावरच राहणार. पण यातून निघणारा धडा वाढ नकोच असा नाही, वाढ थोडी थोडी आणि वेळेवर हवी असा आहे. 1948 च्या किमान वेतन कायद्यात पाच वर्षांच्या आत फेरविचाराची तरतूद होती. तो वर्षानुवर्षे रखडवायचा आणि मग एकदम बसणाऱ्या धक्क्याबद्दल कायद्याला दोष द्यायचा, ही चलाखी झाली.

दुसरा आक्षेप धंदा पळून जाण्याचा. तोही खरा आहे. विडी-सिगार कामगारांचा 1966 चा कायदा केरळने लागू करायला घेतला, तेव्हा मंगळूरच्या एका बड्या विडी कारखानदाराने 1968 मध्ये उत्तर केरळातले काम गुंडाळले. हजारो कामगार बेकार झाले, आणि त्यांच्यासाठी 1969 मध्ये केरळ दिनेश बीडी ही सहकारी संस्था उभी राहिली. एकट्या राज्याने पाऊल उचलले की शेजारचे राज्य स्वस्त मजुरी दाखवून धंदा ओढते, म्हणूनच देशभर एक तळरेषा हवी. ती 2017 मध्ये ठरली दिवसाला 176 रुपये, तीही राज्यांवर बंधनकारक नसलेली! अनुप सत्पथी समितीने 2019 मध्ये 375 रुपयांची शिफारस केली होती.

आता दुसरे गृहीत, आणि आपल्याकडचा खरा घोळ तिथेच आहे. घरी विड्या वळणाऱ्या बाईला पाने आणि तंबाखू तोलून मिळतात, मजुरी हजार विड्यांवर. भरणा करताना काही विड्या खराब म्हणून बाजूला काढल्या जातात. पाने कमी पडली तर ती पदरच्या पैशाने आणायची. दर कायद्याचाच, हातात येते मात्र त्याहून कमी. बँकेत पूर्ण पगार भरून काही भाग रोखीने परत घेणारे कंत्राटदारही आहेत. जुन्या कायद्यात या चोरीला दंड होता जास्तीत जास्त 500 रुपये! कैदेची तरतूद होती, पण तिचा धाक कोणाला वाटला? 2019 च्या वेतन संहितेने दंड 50,000 रुपयांपर्यंत नेला, पण तपासायला माणूसच आला नाही तर मोठा दंडही शोभेचा. या ढिलाईचा भुर्दंड कामगाराइतकाच प्रामाणिक मालकाला बसतो. तो नियमाने मजुरी देतो आणि चुकवणाऱ्याच्या स्वस्त दरापुढे गिऱ्हाईक गमावतो.

छोट्या उद्योजकाला हे परवडेल का, हा प्रश्न रास्त आहे. इचलकरंजीत मजुरीवर कापड विणून देणाऱ्या यंत्रमागधारकाचा दर कापड व्यापारी ठरवतो. पण किमान वेतन सगळ्यांनाच द्यावे लागले, तर व्यापाऱ्याला तो खर्च दरात धरावाच लागेल. काहींनाच द्यावे लागले, तर देणारा मरेल. एशियाड कामगारांच्या खटल्यात 1982 साली सर्वोच्च न्यायालयाने किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करवून घेणे ही वेठबिगारीच ठरवली. सगळ्यांना किमान वेतन द्यायला लावण्याची सुरुवात सरकारी दारातूनच व्हावी. मजुरीचा खर्चसुद्धा भागणार नाही इतक्या कमी रकमेची सफाईची किंवा सुरक्षारक्षकांची निविदा महापालिकेने उघडताच फेटाळावी. त्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही. आहे तो पाळायची तयारी हवी.