विष कुणाचं, दोष कुणाचा?

बारामती-इंदापूरकडे साप चावून माणूस गेला, की दारात जमलेल्यांपैकी कुणीतरी म्हणतंच, 'त्याची वेळ भरली होती.' दुःखाला तेवढाच आधार. पण या वाक्यात एक पळवाटही आहे.

नीरा डाव्या कालव्याचं आणि उजनीचं पाणी आलं, ऊस वाढला. उसामागे उंदीर आले, उंदरांमागे घोणस. शेतीपंपाची वीज अनेकदा रात्रीच्या पाळीत, म्हणून माणूस अंधारात दारं धरायला जातो. पाचटात घोणस दिसत नाही. या साखळीत दैव नेमकं कुठे आहे?

विषाचं कामही गूढ नाही. घोणशीचं विष रक्त गोठवणाऱ्या घटकांना एकदम कामाला लावतं. त्यांचा साठा संपतो आणि मग रक्त गोठेनासं होतं. हिरड्यांतून, लघवीतून रक्त जातं, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत थोडं रक्त २० मिनिटं न हलवता ठेवलं आणि ते पातळच राहिलं, तर प्रतिविष हवं, हे कळतं. प्रतिविष विषाला रोखतं; झालेली हानी भरून देत नाही. म्हणून प्रश्न वेळ भरण्याचा नाही, वेळ दवडण्याचा आहे. याच विषाचा प्रयोगशाळेत रक्त गोठण्यातले काही दोष शोधायला उपयोग होतो. विषाला हेतू नसतो. हेतू आणि जबाबदारी माणसाकडे.

भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली असा अंदाज आहे. एवढ्यांची वेळ भरली होती?

यावर एक आक्षेप खरा आहे. दैव काढून घेतलं, तर मागे राहिलेल्या बाईच्या वाट्याला काय उरतं? 'मी आधी देवळात नेलं नसतं तर...' हा जन्मभराचा काटा. तिच्यावर दोष ढकलणं हा दैवापेक्षा मोठा अन्याय आहे. रात्री दोन वाजता वस्तीवर गाडी नव्हती, हे तिने ठरवलं नव्हतं.

म्हणून सांत्वन आणि निवाडा वेगळे ठेवावेत. दारात बसून 'वेळ भरली' म्हणावं. पण ग्रामसभेत तेच वाक्य म्हणू नये. तिथे विचारावं : दिवसा वीज का नाही? जवळच्या ग्रामीण रुग्णालयात आज प्रतिविषाच्या किती कुप्या आहेत? गमबूट आणि बॅटरी किती जणांकडे आहे?

ते प्रतिविष कुणीतरी आधीच मोल देऊन ठेवलेलं असतं. तमिळनाडूतले इरुळा लोक जिवंत साप पकडून विष काढतात. घोडे ते थोडंथोडं अंगात घेऊन आपलं रक्त देतात. त्या घोड्यांना कुणी विचारलेलं नाही. इतकं घेऊनही कुपी वस्तीपर्यंत पोचली नाही, तर त्याला दैव म्हणायचा हक्क आपल्याला नाही.