सगळं ठीक आहे म्हणे!

बसा सगळे. मागे उभे आहेत त्यांनीही पुढे या. आज मुलांची प्रगतिपुस्तकं वाटायची नाहीत, आज तुमचा निकाल आहे.

महिन्यापूर्वी विद्यापीठातून दोन मुली आल्या होत्या. उन्हातान्हात एसटीने येऊन, वस्त्यावस्त्यांवर चालत जाऊन त्यांनी तुमच्या हातात फॉर्म दिले. घरात आणि रानात मुलांना कशाकशाने इजा होते, त्याचा अभ्यास. तुम्ही त्यांना चहा पाजलात, गोड बोललात, फॉर्म ठेवून घेतलेत. आणि परत काय दिलंत? परवा त्या माझ्यासमोर बसल्या होत्या. कुणाचं नाव त्यांनी घेतलं नाही आणि मीही विचारलं नाही. एवढंच म्हणाल्या, "बाई, सगळ्यांची उत्तरं सारखी आहेत. चुकासुद्धा सारख्याच."

मला नवल वाटलं नाही. तुमच्यातल्या एका हुशार माणसाने भरलेल्या फॉर्मचे फोटो काढून पालकांच्या ग्रुपवर टाकले होते, खाली लिहिलं होतं, 'असं भरा, विषय संपवा.' त्या ग्रुपात मीही आहे, हे विसरलात वाटतं. पोरांनी एकमेकांची गणितं उतरवली की तुम्हीच येऊन सांगता, "बाई, जरा धाक ठेवा." आता मी धाक घालू कुणाला?

त्या फोटोतली उत्तरं मी नीट वाचली. औषधं कुठे ठेवता? कुलपात. गावात किती घरांत औषधाला कुलूप आहे हो? दागिन्यांना असेल. फवारणीचं औषध उरलं की थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत ओतता आणि मोरीवरच्या फळीवर ठेवता; शेजारी फिनेल, तेही तसल्याच बाटलीत. पाणी तापवायचा रॉड बादलीत सोडून अंगण झाडायला जाता. गाडीच्या टाकीवर पोराला उभं करून बाजाराला नेता, हेल्मेट मात्र स्वतःच्या डोक्यावर, आणि तेही नाक्यावर पोलीस असेल तरच. ते चपटे गोल सेल असतात ना, मुलाने गिळून घशाखाली अडकला तर दोन तासांत अन्ननलिका आतून भाजून निघू शकते. त्यावरही प्रश्न होता. उत्तर काय, तर 'असे सेल आमच्या घरात नाहीत.' मग दिवाळीत ओट्यावर लुकलुकणाऱ्या प्लास्टिकच्या पणत्या काय तेलावर चालतात?

पण सगळ्यांवर कडी केली ती शेततळ्याच्या प्रश्नाने. तळ्याला कुंपण आहे का? बुडणाऱ्याला धरायला दोर, टायर, काही सोडलेलं आहे का? उत्तर: होय, होय.

मी त्याच बांधांवरून रोज शाळेत येते. 2016 साली 'मागेल त्याला शेततळे' योजना आली, तळी झाली, बागा जगल्या. चांगलंच झालं, त्याला कोण नावं ठेवतंय? पण त्या तळ्याच्या काठाला एकदा वाकून हात लावून बघा. प्लास्टिकचा कागद, उतार थेट खाली गेलेला, आणि पाण्याच्या रेषेला शेवाळाचा बुळबुळीत पट्टा. त्यावर मोठ्या माणसाची टाच ठरत नाही. विहिरीला निदान कपार असते, पायरी असते, कशाला तरी धरून माणूस वर येतो. इथे पोहता येणारासुद्धा काठाला लागतो, घसरतो, पुन्हा लागतो, पुन्हा घसरतो, आणि दमून बुडतो. त्याला काढायला उडी मारणारा भाऊही बुडतो. तीन मीटर खोल म्हणजे दहा फूट. उन्हाळा आला की पेपरात बातमी येते, एकाच घरातली दोन मुलं गेल्याची. आपण चहाचा घोट घेत चुकचुकतो आणि पान उलटतो. कुंपण आहे म्हणे! कुंपण आहे ते रानडुकरं पिकात शिरू नयेत म्हणून. तळ्याला कुठे आहे?

खोट्या 'होय'ने काय होतं ते ऐका. तुमचं उत्तर कुणाला ओरडायला, दंड करायला विचारलेलं नाही. अशा शेकडो उत्तरांचा एक तक्ता होतो. कुठल्या धोक्यावर आधी पैसा खर्च करायचा, हे त्या तक्त्यावरून ठरतं. तुमच्या तक्त्यात सगळ्या तळ्यांना कुंपण, सगळ्या औषधांना कुलूप. मग इथे कशाला कोण काय करेल? तुम्ही स्वतःचं नाक वर ठेवलंत आणि पलीकडच्या वस्तीवरच्या पोराच्या हातात यायचा दोर कापलात.

बांगलादेशातल्या आयांकडून शिका जरा. 2003 साली तिकडे घराघरांत जाऊन मोठी पाहणी झाली, 1,70,000 हून जास्त घरं. तोवर सगळ्यांचं लक्ष जुलाब आणि न्यूमोनियाकडे, कारण दवाखान्याच्या वहीत तेच दिसायचं. बुडालेलं मूल दवाखान्यात येतंच कशाला? त्याची नोंद एकाच ठिकाणी होती, घरच्यांजवळ. घरच्यांनी तोंड उघडलं. मूल गेलं तेव्हा आपण चुलीपुढे होतो, आपलं लक्ष नव्हतं, हे परक्या माणसाला सांगताना त्या बाईच्या जिवाचं काय होत असेल! आणि तुम्हाला फिनेलची बाटली कुठे आहे एवढं खरं सांगवत नाही.

त्या सांगण्यातून कळलं की तान्ह्या वयाच्या पुढे मुलांच्या मृत्यूंत बुडणं सगळ्यांत वर आहे. लहानग्यांचा घात होतो तो बहुतेक सकाळी 9 ते दुपारी 1 या वेळात, आई कामात आणि बाप रानात असताना. मग उपायही तसाच निघाला. गावातच एका बाईच्या घरी, नेमक्या त्याच चार तासांचं पाळणाघर. 'आंचल' म्हणतात त्याला. तिथे जाणाऱ्या मुलांत बुडण्याचं प्रमाण 80 टक्क्यांहून जास्त घटलेलं आढळलं. पुढे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने तिथल्या संस्थांना बरोबर घेऊन सात उपजिल्ह्यांत आणखी मोठा अभ्यास केला. काही घरांना मुलाला बसवायला कठड्याचं खेळघर दिलं, काही ठिकाणी पाळणाघर, काही ठिकाणी दोन्ही. पाळणाघर खरं उतरलं. नुसत्या खेळघराबद्दल तसा ठाम पुरावा मिळाला नाही. आता कल्पना करा, तिथल्या घरांनीही 'फार छान आहे, आमचं मूल एकदम सुरक्षित' असं एकमेकांचं बघून लिहून दिलं असतं, तर? गावोगाव नुसती खेळघरं वाटली गेली असती आणि पोरं बुडतच राहिली असती. आज जागतिक आरोग्य संघटना लहान मुलांसाठी अशा देखरेखीच्या जागा काढा म्हणून सगळ्या देशांना सांगते, त्याच्या मुळाशी त्या बायकांची खरी उत्तरं आहेत.

काहींच्या मनात काय चाललंय ते मला इथून दिसतंय. 'नाही म्हटलं असतं तरी बाई रागावल्याच असत्या.' मुळीच नाही. नाही म्हणायचा तुम्हाला पुरा हक्क आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने 2017 साली मुलांवरच्या संशोधनाचे नियम स्पष्ट लिहून ठेवले आहेत. संमती आईवडिलांची, शिवाय 7 वर्षांपुढच्या मुलाला विचारून त्याचा तोंडी होकार, आणि 12 च्या पुढे लेखी. हो म्हटल्यावर मध्येच बाहेर पडलात तरी कुणी जाब विचारू शकत नाही. दोघं-तिघं म्हणाले, "बाई, तुम्हीच सही करून टाका ना." नाही करणार. 2009-10 मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम जिल्ह्यात मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची लस द्यायचा प्रकल्प झाला. आश्रमशाळांतल्या कितीतरी मुलींच्या संमतिपत्रांवर आईबापांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनांनी सह्या ठोकल्या होत्या. 2013 साली संसदीय समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. लेकरू तुमचं, सही तुमची. पण हो म्हणायचं आणि मग थापा मारायच्या, याला हक्क म्हणत नाहीत.

आता शेवटचं पान. काही फॉर्मांना ते नाहीच. पिनेपासून नीट फाडून घेतलंय. त्यावर मारहाणीचे प्रश्न होते, आणि नको तिथे हात लावण्याचेही. घरंदाजपणा आडवा आला का? 2007 साली केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने 13 राज्यांतली पाहणी प्रसिद्ध केली, त्यात महाराष्ट्र होता, गोवाही होता. 12,447 मुलांशी बोलणं झालं. 53.22 टक्के मुलांनी कुठला ना कुठला लैंगिक त्रास झाल्याचं सांगितलं, आणि त्यात मुलगे मुलींपेक्षा कमी नव्हते. त्रास देणाऱ्यांत निम्मे ओळखीचे, विश्वासातले. पुढे 2012 साली मुलांना लैंगिक अत्याचारांपासून वाचवणारा पोक्सो कायदा आला. तिथे मुलं बोलली. इथे आईबापच पान फाडतात.

विद्यापीठाच्या त्या मुलींनाही मी सोडलेलं नाही. माहिती गुप्त राहील असं त्यांनी तुम्हाला सांगितलं, पण पोक्सोखालचा गुन्हा कानावर आला तर तो पोलिसांना कळवणं त्यांनाही बंधनकारक आहे आणि मलाही, हे आधीच सांगायला हवं होतं. शिवाय प्रश्न असे पुस्तकी की निम्मे मलाच दोनदा वाचावे लागले. ते सोप्या मराठीत लिहून आणायला लावलेत. आणि अभ्यास संपला की जे काही निघेल ते आधी याच वर्गात येऊन तुम्हाला वाचून दाखवायचं, हेही कबूल करून घेतलंय.

सोमवारी नवे फॉर्म येतील, सोबत पाकीट. घरी बसून भरायचे, पाकीट चिकटवून द्यायचं, मीसुद्धा उघडणार नाही. ज्याला नको त्याने कोरा फॉर्म घालून पाकीट द्यावं. त्याच्या मुलाला इथे कुणी एक शब्द बोलणार नाही.

शेततळेवाल्यांनी मात्र सोमवारची वाट बघू नका. चारही बाजूंना पक्का खुंट ठोका, नायलॉनचा जाड दोर गाठी मारून पाण्यापर्यंत सोडा, टोकाला ट्रॅक्टरची जुनी ट्यूब हवा भरून बांधा. रविवारी बांधलात तर फॉर्मात 'रविवारी बांधला' असंच लिहा.