मावा शिल्लक ठेवताना

पौषात दोन दिवस आभाळ भरून आलं की गच्चीतल्या वालावर मावा पडतो. आता हे इतकं ठरून गेलंय की ढगाळ सकाळी मी चहाचा कप घेऊन आधी वेलाचे शेंडेच बघतो. कोवळ्या शेंड्यांवर, कळ्यांच्या देठांवर काळे ठिपके दाटलेले असतात आणि त्यांच्यातून मुंग्यांची ये-जा चाललेली असते. मुंग्या मावा खात नाहीत, राखतात. मावा झाडाचा रस शोषतो आणि गोड चिकटा बाहेर टाकतो. त्या चिकट्यासाठी ही राखण. मावा आवरायचा तर आधी मुंग्यांची वाट तोडावी, हे मला फार उशिरा कळलं.

त्याआधी मी फवारायचो. दुकानातलं औषध नाही हं, घरात नातवंडं आहेत. तंबाखूचा काढा, त्यात वाटलेली लसूण-मिरची. सगळं स्वयंपाकघरातलं, नाहीतर कोपऱ्यावरच्या टपरीतलं. म्हणजे सेंद्रिय, म्हणजे निर्धोक, असा माझा सरळ हिशेब. दुसऱ्या दिवशी वेल लख्ख. एका सुट्टीत कृषी महाविद्यालयात शिकणारा भाचा आला होता. खालच्या पानांवर मरून पडलेले काळपट किडे त्यानं तळहातावर घेतले. पाठीवर पिवळे ठिपके, अंग काटेरी, इवल्याशा सुसरीसारखे. मी ते आधीही पाहिले होते आणि ही आणखी एक कीड असं समजून चिमटीत चिरडलेही होते.

"मामा, या ढालकिड्याच्या अळ्या. मावा खातात त्या."

नारिंगी पाठीवर काळी नक्षी असलेला, पोरं बोटावर चढवून घेतात तो ढालकिडा मला चांगला ओळखीचा होता. त्याचं लहानपण असं दिसतं, हे साठी उलटली तरी माहीत नव्हतं.

तंबाखूतलं निकोटिन अस्सल वनस्पतीतलं असतं आणि अस्सल जहालही. निकोटिन सल्फेट या कीटकनाशकाच्या वापरावर आपल्या देशात बंदी आहे, ती उगीच नव्हे. माझा काढा मावा आणि अळी असा भेद करणारा नव्हताच. त्या मानानं निंबोळी सौम्य. लिटरभर पाण्याला पन्नास ग्रॅम कुटलेल्या निंबोळ्या रात्रभर भिजवायच्या, फडक्यातून गाळायच्या, चिमूटभर साबण घालून संध्याकाळी फवारायचं. उन्हात तिचा गुण लवकर उतरतो. तिनं कीड पटापट मरून पडत नाही. किडीची खाण्याची इच्छा जाते, कात टाकणं बिघडतं. चार दिवस आपल्याला वाटत राहतं की काहीच झालं नाही.

खरी परीक्षा याच चार दिवसांची. माव्याच्या मादीला पिल्लं घालायला नर लागत नाही, त्यामुळे आठवड्याभरात शेंडा काळा होतो. ढालकिडा मात्र मावा वाढल्यावरच येतो. खायलाच नसेल तर तो अंडी कशाला घालील? या दोघांच्या मधल्या दिवसांत आपला हात शिवशिवतो आणि आपण बाटली उचलतो. पाहुणा यायच्या आधीच घरातलं अन्न फेकून द्यायचं आणि मग कुणी येत नाही म्हणायचं, अशातली गत.

खाणारं कुणी नसलं की कीड कशी माजते, हे मोठ्या शेतांतही दिसलेलं आहे. 2008 मध्ये कोइमतूरकडे पपईवर एक नवा पिठ्या ढेकूण दिसला आणि बघता बघता आपल्याकडच्या बागांतही पोचला. मूळचा मेक्सिकोकडचा. इकडे आला तो एकटाच, त्याला खाणारं कुणी सोबत आलं नाही. अंगावर मेणाचा थर असल्यानं फवारणीलाही तो दाद देईना. मग 2010 मध्ये बंगळूरच्या एका संशोधन संस्थेनं प्युर्तो रिकोहून त्याचे जुने वैरी मागवले: मोहरीच्या दाण्याहूनही लहान गांधीलमाश्या. त्या पिठ्या ढेकणाच्या अंगात अंडी घालतात आणि पिल्लं त्याला आतून पोखरतात. ऐकायला क्रूर वाटतं खरं. पण शेकडो लिटर औषधानं जे झालं नव्हतं, ते या माश्यांनी काही महिन्यांत केलं.

आमच्या गच्चीला परदेशातून काही मागवायची गरज नव्हती. टाकीमागच्या एका वेलावरचा मावा मी आता काढतच नाही. बाकीच्या वेलांवर सकाळी पाण्याची जोराची धार मारतो. खाली पडलेला मावा सहसा परत चढत नाही. बुंध्याला एरंडेल लावलेली पट्टी गुंडाळतो, मुंग्यांसाठी. शेंगा थोड्या कमी येतात. घरात त्यावरून एकदा बोलणंही बसलं आहे.

आज टाकीमागचा शेंडा अगदी काळा झालाय. चष्मा लावून पान उलटलं, तर मागच्या बाजूला पिवळी, उभी मांडून ठेवल्यासारखी अंडी. अकरा मोजली. तीन-चार दिवसांत फुटतील. फवाऱ्याच्या बाटलीत साधं पाणी आहे, तेही मी त्या वेलापासून लांब ठेवलं.