मांड

कित्येक वर्षांनी घोड्यावर बसणाऱ्याला सगळ्यात आधी फितूर होते ती मांडी. डोक्याला सगळं आठवतं: लगाम किती सैल सोडायचा, टाच कधी मारायची. पण घोडा दुडक्या चालीला लागला की दोनच मिनिटांत मांड्यांचे आतले स्नायू कुरकुरू लागतात. माथेरानला घोड्यावरून फिरून आलेले पर्यटक दुसऱ्या दिवशी कसे चालतात, ते आठवून पाहा!

डेन्मार्कच्या घोडेस्वार लिस हार्टेल यांचे तर गुडघ्याखालचे पायच निकामी झाले होते. १९४४ साली, तेविसाव्या वर्षी, पोटात मूल असताना त्यांना पोलिओ झाला. मूल सुखरूप जन्मलं, आणि आई पुन्हा खोगिरावर बसायचं म्हणू लागली.

त्यांचा प्रकार ड्रेसाज, म्हणजे घोड्याकडून ठरावीक हालचाली अचूक करून घेण्याचा. त्यात घोड्याशी बोलायचं ते मुख्यतः पायांच्या दाबानं. तेच साधन गेलेलं. मग त्यांनी पाठीचा आणि बैठकीचा तोल कामाला लावला. वजन किंचित सरकलं, तरी त्यांची घोडी ज्युबिली त्याचा अर्थ ओळखू लागली.

१९५२ मध्ये हेलसिंकी ऑलिंपिकला या प्रकारात बायकांना प्रथमच प्रवेश मिळाला. हार्टेल यांनी थेट पुरुषांशी सामना करून रौप्यपदक घेतलं. सुवर्णविजेते स्वीडनचे हेन्री सेंट सिर यांनी हात देऊन त्यांना चौथऱ्यावर चढवलं.

१९५६चं ऑलिंपिक मेलबर्नला होतं. पण परदेशी घोड्यांबाबतच्या ऑस्ट्रेलियाच्या कडक नियमांमुळे घोडेस्वारी तेवढी स्टॉकहोमला झाली. तिथंही रौप्य. घोडी तीच, ज्युबिली.