सव्वाआठ फूट

शंकू साखळी 33 फुटांची, तिचे आणे सोळा. जुन्या मुंबई इलाख्याच्या मोजणीत पायवाटेच्या वाट्याला त्यातले चार आणे आले, म्हणजे सव्वाआठ फूट. गावनकाशावर पायवाट एका तुटक रेषेनं दाखवतात, गाडीवाट दुहेरी तुटक रेषेनं. नोकरीची सगळी वर्षं मी बेळगाव जिल्ह्यात मोजणीदार म्हणून काढली. चिकोडी-निपाणीकडं जास्त, शेवटी खानापुरात. या नोकरीनं माझ्यापुढं एक प्रश्न ठेवला, आणि तो महसूल खात्याचा नव्हता. जमीन माझी असेल, तर तिच्यावरून जाणाऱ्याला अडवायचा हक्क मला आहे का? कायद्यानं बहुतेक वेळा आहे. धर्मानं आहे का, हे मी विचारतोय.

नकाशावरच्या वाटांची भांडणं त्यातल्या त्यात सोपी. माणसं ज्या वाटांनी रोज चालतात, त्यातल्या बऱ्याचशा नकाशावर नसतातच. बांधाबांधानं, ओढ्याच्या कडेनं, एका रानातून दुसऱ्या रानात जाणाऱ्या या वाटा कुणी दिल्या नाहीत आणि कुणी घेतल्याही नाहीत. मार्गशीर्षात सौंदत्तीच्या यल्लमाला, चैत्रात जोतिबाला निघालेली माणसं डांबरी रस्ता लागेपर्यंत त्यांनीच जायची. तंबाखूच्या दिवसांत हे खपून गेलं. निपाणी भागाचा तंबाखू जिरायत. माघापर्यंत काढणी झाली की रान मोकळं. चैत्रातला माणूस कुणाच्या पिकात पाय न घालता सरळ निघून जाई. मग वेदगंगा-दूधगंगेचं पाणी रानात आलं आणि मागोमाग ऊस आला. ऊस वर्षभर उभा, वर खोडवा. वाटा बुजल्या त्या कुणाच्या दुष्टपणानं नव्हे, पाण्यानं. आपले कीर्तनकार कलियुगाला दोष देतात. त्यांनी एकदा पाटबंधाऱ्याचा नकाशा बघावा.

तवंदी घाटाच्या खालच्या अंगाला एका वाटणीची मोजणी होती. चुलती आणि पुतण्या. तिच्या वाट्याच्या उसात मधोमध दोन सऱ्या रिकाम्या होत्या, वरच्या बांधापासून खालच्या ओढ्यापर्यंत. माती तुडवून घट्ट झालेली, कडेला एका झाडाखाली पाण्याचा रांजण, त्यावर फुटक्या कौलाचं झाकण. ही रिकामी पट्टी पिकात धरायची का, असं मी विचारलं. म्हातारी म्हणाली, "सायेब, देवीची माणसं जात्यात तिथनं. माझ्या सासूनं सोडल्याली हाय." पुतण्या चिडलेलाच होता. "काकी, आज देवीची माणसं, उद्या ट्रॅक्टर. मग कोर्टात कोण जाणार?" ती म्हणाली, "जा की तू. शिकलायस न्हवं?"

पुतण्या चुकीचं बोलत नव्हता. 1882 चा ईझमेंट कायदा मोठा गमतीचा आहे. सलग वीस वर्षं, उघडपणे, हक्क म्हणून कुणी तुमच्या रानातून गेलं तर त्याची वहिवाट लागते. पण तुम्ही परवानगी देऊन त्याला जाऊ दिलंत, तर वीस काय, साठ वर्षं गेली तरी हक्क उभा राहत नाही. म्हणजे मालकाला न विचारता, हक्कानं तुडवत गेलेल्याला कायदा ओळखतो. हात जोडून विचारून गेलेल्याला ओळखत नाही. त्यामुळं शहाणा वकील मालकाला सांगतो, कुणाला जाऊ देऊ नका, सवय लागेल. आणि चालणाऱ्याला सांगतो, विचारू नका, विचारलंत तर हक्क गेला. दोघांनी वकिलाचं ऐकलं की वाटेचं भांडण सुरू झालंच म्हणून समजा.

आपल्या धर्मविचारात दानाला फार मान. विनोबांनी 18 एप्रिल 1951 ला पोचमपल्लीत पहिली जमीन मिळवली आणि पुढं वर्षानुवर्षं पायी फिरून सहावा हिस्सा मागितला. सगळं ईश्वराचं आहे हा ईशावास्याचा विचार त्यांनी थेट उताऱ्यापर्यंत आणला, याबद्दल मला त्यांच्याविषयी अपार आदर आहे. पण माझं मत अनुभवानं जरा वेगळं झालंय. जमीन देणं सोपं आहे, वाट देणं अवघड. दान एकदा होतं. त्याची नोंद होते, देवळाच्या भिंतीवर फरशी बसते, देणारा मोकळा होतो. वाट देणाऱ्याला रोज द्यावी लागते, आणि घेणाऱ्याला तर कुणी काही दिलंय हे कळतही नाही. मालकी उताऱ्यावर तशीच राहते, सारा आपणच भरायचा, सऱ्या मात्र रिकाम्या. फळाची आशा सोडून कर्म करावं हे प्रवचनात ऐकायला बरं वाटतं; दोन सऱ्यांच्या उसाचं बिल दरवर्षी सोडून बघावं. गावात देणगीदार भेटतात. वाट सोडणारे मी थोडे पाहिले, आणि त्यातल्या बहुतेक बाया होत्या. का, ते मला सांगता येणार नाही.

हे आपल्याकडचंच दुखणं आहे असं नाही. माझा भाचा फ्रान्समध्ये ऑर्लेआंला नोकरीला आहे. तिथून दक्षिणेला सोलोन्य म्हणून मुलूख आहे, जंगल आणि हजारो तळी. तळी निसर्गानं दिलेली नव्हेत. बरीचशी मध्ययुगात माणसांनी मासे पाळायला खणली, त्यात मठातले साधूही होते. त्या देशात लांब पल्ल्याच्या पायवाटा झाडांवर तांबडा-पांढरा पट्टा मारून दाखवतात. अशी पहिली वाट 1947 साली ऑर्लेआंजवळच ल्वार नदीच्या काठानं आखली गेली. पण सोलोन्यमधल्या शिकारीच्या मोठमोठ्या जमीनदारांनी रानाला मैलोन्मैल उंच जाळ्या मारल्या. हरणं, रानडुकरं आत कोंडली गेली, माणसं बाहेर. शेवटी 2 फेब्रुवारी 2023 ला कायदा झाला: कुंपण 1 मीटर 20 सेंटिमीटरपेक्षा उंच नको, आणि जमिनीपासून 30 सेंटिमीटर वर हवं, म्हणजे बारकी जनावरं खालून जातील. वाचून मी खूश झालो. मग भाच्यानं पुढचं कलम सांगितलं. त्याच कायद्यानं खासगी रानात, पाटी असताना, विनापरवाना शिरणाऱ्या माणसाला दंड लावला. सशाला वाट मिळाली, माणसाची गेली!

खानापूरच्या जंगलात हाच प्रश्न उलटा होऊन येतो. भीमगड अभयारण्य 2011 साली जाहीर झालं. आत गवाळी, कृष्णापूर, आमगाव अशी गावं, त्यांच्या वाटा अभयारण्याहून कितीतरी जुन्या. 2024 च्या पावसाळ्यात आमगावच्या एका आजारी बाईला गावकऱ्यांनी खांद्यावरून जंगल पार करून आणलं, कारण गाडी पोचेल असा रस्ता नव्हता. तिला डांबरी रस्ता दिला तर गव्याची वाट तुटते. इथं मालक सरकार, आणि अडवणं अगदीच अधर्म म्हणता येत नाही. मी एवढंच म्हणेन की पावसाळ्यात धबधबा बघायला येणारी पोरं आणि आमगावची बाई यांना एकच फाटक लावणं हा आळस आहे. पोरांचा मला राग नाही. फक्त ती मोबाईलवर वाट बघत येतात, कुणाला विचारत नाहीत. यल्लमाची माणसं बांधावर उभी राहून हाक मारायची, "जाऊ का हो?" उत्तर ठरलेलं असे, तरी विचारायची. ज्याला विचारलं जातं त्यालाच द्यावंसं वाटतं.

आणि आता देवाच्या नावानंच रस्ता येऊ घातलाय. विनोबांच्या पवनारपासून गोव्याच्या वेशीवरच्या पत्रादेवीपर्यंत 802 किलोमीटरचा शक्तिपीठ महामार्ग आखला, आणि आमच्या शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातले शेतकरी त्याच्या विरोधात उभे राहिले. जमिनी जाणार हे त्यांचं दुःख खरंच आहे. माझी हरकत आणखी एक आहे. द्रुतगती मार्गावर पायी माणसाला मज्जाव असतो. शक्तिपीठांच्या या रस्त्यावरून एकही यात्रेकरू चालत जाऊ शकणार नाही.

त्या म्हातारीच्या मोजणीत पट्टी पिकात धरावी की नाही हे माझ्या हातात नव्हतं. क्षेत्र तिचंच होतं. टिपणावर मी एक तुटक रेघ ओढली आणि बाजूला "वहिवाटीची वाट" असं लिहिलं. पुतण्यानं सही करताना हरकत नोंदवली, तीही घेतली. तेव्हा तुमच्या रानातून अशी वाट जात असेल, तर भाऊबंदांत वाटणी होण्याआधी, विक्रीचा इलेव्हन-ई नकाशा निघण्याआधी, मोजणीदाराला ती दाखवा आणि कागदावर घ्यायला लावा. तुमच्यानंतर येणाऱ्याला निदान माहीत तरी असेल की इथं कुणीतरी दोन सऱ्या सोडल्या होत्या.